मालदांडीचा वंश आणि वंशसुधार

राजघराण्यांच्या वंशावळी जुळविण्यात आपल्या इतिहाससंशोधकांनी जितके श्रम वेचले, त्यांच्या शतांशानेही श्रम त्या घराण्यांची रयत, गुरेढोरे आणि फौजा ज्या धान्यावर पोसल्या गेल्या त्या धान्याच्या वंशावळीवर वेचले गेले नाहीत. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर यादवांमागून दिल्लीचे सुलतान, त्यांच्यामागून बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे आसफजाही घराणे अशा सत्ता ह्या भूमीवर एकामागून एक आल्या, आणि 1948 च्या सप्टेंबरात त्यांतील शेवटचीही गेली. ह्या सर्व उलथापालथीत बालाघाटाच्या माथ्यावर आणि गोदाकाठी कुणब्याच्या ताटातील भाकरी मात्र ज्वारीचीच राहिली. त्या ज्वारीचा, आणि विशेषतः मालदांडी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी ज्वारीचा, वंशेतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हा इतिहास सांगताना दोन कामे वेगळी ओळखावी लागतात. पिकाच्या अंगचा कोणता गुण कशामुळे येतो, तो वंशपरंपरेने कसा उतरतो, हे शोधून काढणे हे एक. आणि तो गुण शेतकऱ्याच्या रानात प्रत्यक्ष उतरेल असे बियाणे सिद्ध करणे हे दुसरे. पहिल्यास गुणशोध म्हणू, दुसऱ्यास पीकसुधारणा. ही दोन्ही कामे एकमेकांस धरून चालली तेव्हा कुणब्याचे कल्याण झाले. सुधारणा शोधाच्या पुढे धावली तेव्हा नवे बियाणे रब्बीच्या रानात टिकले नाही. मालदांडीच्या चरित्रात ह्या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, म्हणूनच ते चरित्र बोधप्रद आहे.

प्रथम ह्या पिकाची कसोटी कोणती ते पाहू. बीड जिल्हा पर्जन्यछायेत पडतो. उत्तरेस गोदावरी ही त्याची सीमा. मधून बालाघाटाची रांग गेलेली. त्या रांगेत पाटोदे तालुक्यात मांजरा उगम पावते. माथ्यावरची जमीन हलकी, मुरमाड. उतारावर व नद्यांच्या खोऱ्यांत ती काळी आणि ओल धरणारी. वर्षाचा पाऊस सरासरीने सहा-सातशे मिलिमीटर म्हणतात, परंतु सरासरी हा शब्द येथे फार फसवा आहे. एका वर्षी तो पाऊस पुरात वाहून जातो, तर दुसऱ्या वर्षी निम्माही पडत नाही. अशा प्रदेशात रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर तिफणीने पेरतात. त्यापुढे आभाळाकडून तिला काही मिळेलच असा भरवसा नसतो. पुढचे चार महिने तिने जमिनीत साठलेल्या ओलीवर काढावयाचे. पौषातील थंडीत ती निसवते, आणि कणीस भरण्याच्या ऐन वेळी पायाखालची ओल संपत आलेली असते. म्हणजे ज्या काळात रोपाला पाण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच काळात पाणी सर्वांत कमी. ह्या परीक्षेत जी ज्वारी उतरेल तीच येथे टिकावयाची.

शिवाय तिने केवळ दाणा देऊन भागत नाही. दाणा माणसांचा आणि कडबा जनावरांचा, अशी ह्या पिकाची वाटणी आहे. चैत्र-वैशाखात रानात हिरवी काडी उरत नाही; तेव्हा गोठ्यामागची कडब्याची गंज हीच बैलांची आणि दुभत्या गाईची ठेव. टंचाईच्या साली कडब्याचे मोल दाण्याच्या मोलाशी बरोबरी करू लागते. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे बैलगाड्या जोडून परजिल्ह्यांत ऊसतोडीस जातात, तेथे मागे राहिलेल्या वृद्धांची भाकरी आणि दावणीच्या गुरांची वैरण ही दोन्ही एकाच ताटातून निघावी लागतात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

ज्वारीचे मूळ घर आफ्रिका. सुदानच्या पूर्वभागात सुमारे 5 हजार वर्षांपूर्वी मनुष्याने तिला रानटी अवस्थेतून शेतात आणल्याच्या खुणा मातीच्या भांड्यांवर उमटलेल्या सापडल्या आहेत. तेथून समुद्रमार्गे व अरबस्तानाच्या वाटेने ती भारतात केव्हातरी आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत रुजली. 1972 साली हार्लन व डी वेट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगातील लागवडीच्या ज्वारीच्या पाच जाती मानल्या. त्यांतील दुर्रा नावाची जात घट्ट कणसाची, टपोऱ्या दाण्याची व कोरड्या प्रदेशात तग धरणारी. आपली मालदांडी ह्या दुर्रा कुळातील आहे. तिचे दुसरे सगेसोयरे इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखात आढळतात. हे दूरचे नाते पुढे मोठ्या कामास आले.

दख्खनमध्ये आल्यावर हिची निगराणी कोणी केली? ह्या कामाचे दप्तर कोणी ठेवले नाही. परंतु कर्त्यांची ओळख पटण्यास अडचण नाही. खळ्यावर कणसांची रास पडली की त्यांतून भरदार, किडीने न शिवलेली, मोत्यासारख्या दाण्याची कणसे बाजूला काढून ठेवणारी घरची कर्ती बाई आणि तिचा कुणबी हेच ह्या पिकाचे पहिले सुधारक. राख लावून मडक्यात किंवा कणगीत ठेवलेले ते बी पुढच्या हस्तात पुन्हा रानात जाई. शेकडो वर्षे चाललेल्या ह्या निवडीतून गावोगावची निराळी वाणे तयार झाली. भाकरीसाठी मालदांडी, टणक दाण्याची दगडी, पांढऱ्याशुभ्र पिठाची दूधमोगरा, हुरड्यासाठी गूळभेंडी, लाह्यांसाठी आणखी वेगळी. ह्या नावांकडे लक्ष दिले तर असे दिसेल की प्रत्येक नाव हे एका गुणाची नोंद आहे. जनुक हा शब्द जगात कोणी उच्चारण्यापूर्वी कुणब्याने गुणांची यादी केली होती, आणि त्या गुणांवरून पीकही सुधारले होते. त्या काळी शोध आणि सुधारणा ही दोन्ही कामे एकाच खळ्यावर होत असत.

ह्या निवडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका शेतातील मालदांडी म्हणजे एक वंश नव्हे; ती अनेक वंशांची सरमिसळ असे. कणीस भरदार दिसले ते वंशाच्या गुणाने की केवळ बांधालगतच्या ओलीने, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नसे. हा उलगडा युरोपात झाला. ब्रून येथील मठात मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग 1866 साली छापले गेले आणि 1900 पर्यंत विस्मृतीत पडून राहिले. 1903 साली कोपनहेगनच्या योहानसेनने घेवड्याच्या बियांवरून दाखवून दिले की मिश्र रानातून एकेका झाडाची संतती वेगळी ठेवली तर शुद्ध वंश हाती लागतात. त्या वंशांत आपसांत जो फरक दिसतो तो आनुवंशिक असतो, आणि एकाच वंशातील झाडांत जो फरक दिसतो तो केवळ परिस्थितीचा. जनुक ह्या अर्थाचा शब्दही 1909 साली त्यानेच प्रचारात आणला.

ह्या सिद्धान्ताचा लाभ दख्खनच्या ज्वारीस मिळाला तो 1930 च्या दशकात. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे, स्थानिक मालदांडीच्या सरमिसळीतून एकेका ताटाची संतती निराळी वाढवून, तिची वर्षानुवर्षे पारख करून एक वंश निवडण्यात आला. त्याचे नाव मालदांडी 35-1, किंवा थोडक्यात एम 35-1. त्याच दशकात सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधनही सुरू झाले होते. मोहोळ तेव्हा मुंबई इलाख्यात आणि बीड निजामाच्या राज्यात. मध्ये राज्याची सीमा होती, परंतु माती, पाऊस आणि थंडी ह्यांना ती सीमा ठाऊक नव्हती. सीमेच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानांना मानवेल असाच हा वंश होता, आणि आज बीड, धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर ह्या साऱ्या पट्ट्यात रब्बीच्या ज्वारीचे दुसरे नावच जणू मालदांडी होऊन बसले आहे.

योहानसेनच्या सिद्धान्ताची दुसरी बाजू मात्र येथे आडवी येते. शुद्ध वंश एकदा हाती आला की त्याच्या पोटात पुन्हा निवड करून फारसे काही साधत नाही. पुढे जावयाचे तर दुसऱ्या वंशाशी त्याचा संकर करणे प्राप्त होते. मक्याच्या संकरित बियाण्याने अमेरिकेत विलक्षण उत्पन्न दिले होते. ज्वारीत तसे का होऊ नये? अडचण होती ती फुलाची. मक्याचा नर तुरा वेगळा आणि मादी कणीस वेगळे. तुरा खुडला की काम झाले. ज्वारीच्या एकाच इवल्या फुलात नर व मादी शेजारी नांदतात. एकरभर रानातील लक्षावधी फुलांचे पुंकेसर हाताने काढणे कोणास शक्य आहे? ह्या कोड्याचे उत्तर 1954 साली टेक्सास येथे स्टीफन्स व हॉलंड ह्यांना सापडले. मिलो नावाच्या ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर नावाच्या ज्वारीची जनुके एकत्र आली की जे झाड निपजते त्याचे पराग वांझ असतात. अशा नरवंध्य झाडांच्या ओळी मधे व दुसऱ्या वाणाच्या ओळी कडेला पेरल्या की वाराच संकर घडवून आणतो. हा गुणशोध निर्विवाद मोठा होता, आणि त्यावर उभारलेली सुधारणाही तितकीच वेगवान झाली. अवघ्या दहा वर्षांत, 1964 साली, भारतात सीएसएच-1 हे ज्वारीचे पहिले संकरित वाण बाहेर पडले. त्याच वर्षी बीडला लागूनच असलेल्या जालन्यात बद्रिनारायण बारवाले ह्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी स्थापन केली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला, आणि ‘हायब्रीड’ हा इंग्रजी शब्द मराठवाड्याच्या खेड्यांत चावडीपासून चुलीपर्यंत पोचला.

खरिपात हे बियाणे जिंकले ह्यात शंका नाही. 1983 च्या सीएसएच-9 पर्यंत एकाहून एक सरस वाणे आली आणि पावसाळी ज्वारीचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. तथापि दोन उणिवा लवकरच दिसू लागल्या. ताट बुटके व जाड, त्यामुळे कडबा थोडा आणि गुरांना न रुचणारा. आणि दाणा भरताना परतीचा पाऊस लागला की बुरशीने तो काळा पडे. बाजारात त्यास भाव नसे व घरात त्याच्या भाकरीस चव नसे. दाण्याचे वजन हा एक गुण सुधारकांनी नेमका ओळखला होता. कुणब्याच्या यादीतील बाकीचे गुण वजनकाट्यावर दिसत नव्हते.

इतक्यात 1972 साल उजाडले. ह्या सालाचा योगायोग इतिहासकारास थक्क करणारा आहे. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, जिला इक्रिसॅट म्हणतात, सुरू झाली. आणि त्याच वर्षी मराठवाड्यावर शतकातील एक अतिभयंकर दुष्काळ कोसळला. बीडच्या लोकांनी खडी फोडण्याच्या कामांवर दिवस काढले आणि परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या ज्वारीला लोक मिलो म्हणत. ते दिवस पाहिलेल्या घरांत तो शब्द आजही कडवटपणे उच्चारला जातो. ज्या मिलोचे पेशीद्रव्य संकरित बियाण्याच्या रूपाने आमच्या शेतात आले होते, तिच्याच नावाचा दाणा दुष्काळात ताटात आला. पोट तिने भरले, पण लोकांच्या जिभेवर मालदांडीची जागा तिला घेता आली नाही.

आता रब्बीकडे वळू. खरिपातील यशाने उत्साहित होऊन 1970 च्या दशकापासून रब्बीसाठीही संकरित वाणे काढण्यात आली. सीएसएच-8आर, सीएसएच-15आर, सीएसएच-19आर ही त्यांतली काही. प्रयोगक्षेत्रावर त्यांची कामगिरी वाईट नव्हती. परंतु बालाघाटाच्या रानात चाळीस वर्षांपूर्वीच्या मालदांडीस त्यांना हटविता आले नाही. शेतकरी अडाणी, जुन्यास चिकटलेला, असा निष्कर्ष काढणे त्या काळी सोपे होते. पण त्याच शेतकऱ्याने खरिपात नवे बियाणे दोन्ही हातांनी उचलले होते. तेव्हा हा निष्कर्ष टिकत नाही. खरे कारण असे होते की संकराचे पालक बहुशः खरिपाच्या घराण्यातले. पौषातील थंड रात्रींत त्यांच्या कणसांत दाणे नीट धरत नसत. सप्टेंबरच्या पेरणीवर खोडमाशीची धाड पडे. ओल सरली की ताटे पोकळ होऊन खडखड्या रोगाने कोसळत. मालदांडी ह्या तिन्ही संकटांतून बऱ्यापैकी निभावून जाई. परंतु ती कशाच्या बळावर निभावते हे कोणी तपशिलाने शोधलेले नव्हते. मालदांडीचे बळ कशात आहे हे न कळताच तिला मागे टाकण्याचा तो प्रयत्न होता.

हा शोध पुढे झाला, आणि तो मोठा मनोरंजक आहे. खोडमाशीचे उदाहरण घेऊ. ही बारीक माशी कोवळ्या पानाच्या खालच्या अंगास अंडे घालते. अळी बाहेर पडून पहाटेच्या दंवाच्या ओलाव्यावरून सरपटत पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंब कुरतडते; मधला पोंगा वाळतो, त्यास पोंगेमर म्हणतात. काही ज्वाऱ्यांवर हा उपद्रव कमी होतो हे पोन्नय्या ह्यांनी 1951 सालीच मद्रास इलाख्यातील अभ्यासावरून नोंदविले होते. पुढे इक्रिसॅटमध्ये हजारो वाणे पारखली तेव्हा असे दिसले की ज्या रोपांची कोवळी पाने तुळतुळीत व चकचकीत असतात आणि ज्यांच्या पानांवर सूक्ष्म लव असते त्यांना माशी कमी शिवते. चकचकीत पानांवर दंव टिकत नाही, लवेमुळे अळीची वाट अडते. आणि अशी चकचकीत पानांची वाणे सर्वांत अधिक कोठली निघाली? दख्खनच्या रब्बी पट्ट्यातली. पिढ्यान्‌पिढ्या माशीच्या तावडीतून जी रोपे वाचली त्यांचेच बी कणगीत गेले होते. निवड माशीने केली, आणि जतन कुणब्याने.

दुसरा गुण ओल सरल्यावरही पाने हिरवी राहण्याचा. टेक्सासमध्ये इथिओपियाच्या एका दुर्रा ज्वारीपासून बी-35 नावाचा वंश तयार झाला होता. कणीस भरत असता पाण्याचा ताण पडला तरी त्याची पाने लवकर करपत नाहीत आणि ताट सहसा लोळत नाही. हा गुण एका जनुकाचा नाही. गुणसूत्रांवरील निदान चार मोठ्या ठिकाणांशी तो बांधलेला आहे असे आढळून आले. ऑस्ट्रेलियातील बोरेल व पाटणचेरू येथील वादेझ ह्या संशोधकांनी त्याचे मर्म उलगडले. अशी झाडे आरंभी पानांचा पसारा बेताचा ठेवतात, पाणी जपून खर्च करतात, आणि ती शिल्लक कणीस भरताना उपयोगी आणतात. बीडच्या कुणब्याचा प्रपंच ज्याने पाहिला आहे त्यास ही रीत अपरिचित वाटणार नाही.

गुणाचे ठिकाण कळल्याने सुधारकास कोणता लाभ होतो, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी रोपात हिरवेपणाचा गुण उतरला की नाही हे कळण्यास ते माघापर्यंत वाढवावे लागे, तेही ओल नेमकी योग्य वेळी सरली तर. ज्या साली अवकाळी पाऊस पडे त्या साली परीक्षा फुकट. आता गुणसूत्रावर त्या जनुकाच्या शेजारी असलेल्या ठरावीक खुणा तपासल्या की बोटभर रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून ते ओळखता येते. 2009 साली ज्वारीच्या दहाही गुणसूत्रांचे सुमारे 73 कोटी अक्षरांचे वाचन पुरे झाले, तेव्हापासून ह्या खुणा शोधणे पुष्कळ सोपे झाले. त्याच साली सीएसएच-9 ची माता 296बी आणि इथिओपियाचा आयएस-18551 ह्यांच्या संततीवरून खोडमाशीप्रतिकाराची ठिकाणेही निश्चित करण्यात आली. 2014 साली हैदराबाद व धारवाड येथील संशोधकांनी मालदांडी 35-1 आणि बी-35 ह्यांच्या संकरापासून झालेल्या दोनशेहून अधिक वंशांवर हिरवेपणाच्या ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दुर्रा कुळाचे दोन नातलग येथे पुन्हा एकत्र आले.

हा मार्ग फलदायी ठरतो ह्याचे प्रमाण शेजारच्या पिकात आहे. आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात बाजरी होते. 1965 च्या सुमारास आलेली संकरित बाजरी पुढे केवडा रोगाने पार झोडपली गेली. हरियाणात हवे असलेल्या एचएचबी-67 ह्या वाणाच्या नर पालकात केवड्यास दाद न देणारी ठिकाणे खुणांच्या साह्याने बसविण्यात आली, आणि 2005 साली ते सुधारित वाण शेतकऱ्यांच्या हाती पडले. त्याचा लवकर पिकण्याचा मूळ गुण तसाच राहिला. जे चांगले आहे ते मोडू नये, जे उणे आहे तेवढेच घालावे, ही ह्या पद्धतीची खरी शोभा होय.

तरी अतिआशा धरण्याचे कारण नाही. केवड्याचा प्रतिकार थोड्या मोठ्या जनुकांवर चालतो. हिरवेपणा, उत्पन्न, भाकरीची चव हे गुण पुष्कळ लहान जनुकांच्या मेळाने घडतात. रब्बीच्या आर-16 ह्या वाणात बी-35 ची ठिकाणे उतरविली तेव्हा पाने अधिक काळ हिरवी राहिली, परंतु दाण्याच्या उत्पन्नातील लाभ स्थळ, साल आणि ग्रहण करणारे वाण ह्यांप्रमाणे कमीअधिक झाला. एका घरातील सून दुसऱ्या घरात तशीच वागेल असे नाही. जनुकांचेही तसेच आहे. म्हणून प्रयोगशाळेत सापडलेल्या गुणाची शेवटची परीक्षा पुन्हा बालाघाटाच्याच रानात व्हावी लागते. परभणीच्या विद्यापीठाने, ज्यास आता वसंतराव नाईक ह्यांचे नाव दिले आहे, परभणी मोती व परभणी ज्योती ही रब्बी वाणे दिली. राहुरीच्या विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती अशी जमिनीच्या खोलीनुसार निरनिराळी वाणे दिली. 2018 साली परभणी व इक्रिसॅट ह्यांनी मिळून परभणी शक्ती हे लोह व जस्त अधिक असलेले वाण बाहेर काढले; त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे 45 मिलिग्रॅम लोह असते, नेहमीच्या ज्वारीत ते 30 च्या आसपास. ह्या सर्व वाणांची योग्यता ठरविताना दाणा, कडबा आणि भाकरी ह्या तिन्ही गोष्टी आता मोजल्या जातात. सुधारक कुणब्याच्या यादीकडे परत आले, हे आम्ही ह्या इतिहासातील महत्त्वाचे वळण समजतो.

मालदांडीच्या पोटात काय काय दडले आहे ह्याचे एक शेवटचे उदाहरण. ज्या नरवंध्य पेशीद्रव्यासाठी आपण टेक्सासच्या मिलोकडे धाव घेतली, तशाच शक्तीचे पण वेगळ्या प्रकारचे पेशीद्रव्य खुद्द मालदांडीत असल्याचे भारतीय संशोधकांस आढळले. जगातील ज्वारीशास्त्रात ते ए-4 ह्या वर्गात मोडते आणि मालदांडीच्या नावानेच ओळखले जाते. त्यास फलक्षम करणारे पालक विरळा असल्यामुळे त्याचा वापर फारसा झाला नाही. पण जगातील बहुतेक संकरित ज्वारी एकाच मिलोच्या पेशीद्रव्यावर उभी असताना दुसरे पेशीद्रव्य हाताशी असणे ही थोडी जमेची बाजू नव्हे. एकाच पेशीद्रव्यावर विसंबलेला मका 1970 साली अमेरिकेत एका बुरशीने कसा उद्ध्वस्त केला हे सर्वश्रुत आहे.

ह्या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, जुनी बियाणी पुरेशी आहेत, प्रयोगशाळेची कास धरून आपण पराधीन होऊ. दुसरे म्हणते, गुणसूत्रे वाचून झाली, आता जुन्या वाणांचे काय काम? आमच्या मते दोन्ही मतांना हा इतिहास उत्तर देतो. जुन्या मिश्र मालदांडीतून एम 35-1 निघाली ती शास्त्रामुळे; केवळ खळ्यावरच्या निवडीने ती निघाली नसती. आणि रब्बीचे संकर फसले ते जुन्या वाणाच्या गुणांचा आधी शोध न घेतल्यामुळे. शास्त्र वाचक आहे आणि जुने वाण हा ग्रंथ आहे; ग्रंथ नसेल तर वाचकाने वाचावे काय?

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. बीड जिल्ह्यात सोयाबीन, कापूस आणि जेथे पाणी तेथे ऊस ह्यांनी ज्वारीची राने व्यापली आहेत. 2013, 2016 व 2019 ह्या टंचाईच्या सालांत जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा कडब्याच्या गंजी ओसरल्याचा अर्थ जिल्ह्यास पुरता कळला. मंगळवेढ्याच्या मालदांडीस 2016 साली आणि जालन्याच्या दगडी ज्वारीस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. 2001 च्या कायद्याने पारंपरिक वाण राखणाऱ्या शेतकऱ्यांचा हक्कही मान्य झाला. पाटणचेरूच्या शीतगृहात ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने सुरक्षित आहेत. परंतु शीतगृहातील बी जसे ठेवले तसेच राहते. रानातील बी मात्र दरसाल माशीशी, थंडीशी आणि सरत्या ओलीशी झगडून नवे काही शिकत असते. हवामान पूर्वीसारखे राहिलेले नसताना हे शिक्षण चालू राहणे फारच आवश्यक आहे.

म्हणून विद्यापीठांनी नवी वाणे काढावीतच. त्याबरोबर प्रत्येक तालुक्यात काही थोड्या रानांत तरी दगडी, दूधमोगरा, गूळभेंडी आणि गावठी मालदांडी दरसाल पेरली जाईल, आणि ती पेरणाऱ्यास त्यापासून तोटा होणार नाही, अशी व्यवस्था करावी. ह्या कामास फार मोठा पैसा लागत नाही. बालाघाटावरच्या कुणब्याने हे काम शेकडो वर्षे एक पैसाही न घेता केले. आता त्याच्या हातून ते सुटत आहे, आणि ते उचलून धरण्याची पाळी ज्यांनी त्या भाकरीवर विद्या संपादन केली त्यांची आहे.